वखारपेठेचा सख्यांक

सहायक फौजदार कुमुद धायगुडे सोमवारी सकाळी मुख्यालयाच्या प्रयोगशाळेत पोचली तेव्हा गणवेशाला कडक इस्त्री होती आणि तोंडात आभाराची दोन वाक्यं तयार होती. 'शेजार' योजनेला त्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण होत होती. एवढ्या तातडीने बोलावलंय म्हणजे सत्कारच असणार. शाल नको म्हणून सांगावं, घरात आधीच्या तीन पडल्या आहेत, असा विचार करतच तिने दार ढकललं.

या योजनेचा मेंदू म्हणजे डॉ. इर्शाद पटवेकर. एरवी ते उठून खुर्ची पुढे करत, घरून आणलेल्या डब्याचं झाकण उघडत. आज त्यांनी नुसतं दार लावून घेतलं.

"धायगुडेबाई, वखारपेठेत छत्री सापडली आहे."

खात्याच्या भाषेत छत्री म्हणजे एकाच माणसाभोवती बांधलेली अतिरेकी टोळी. आभाराची वाक्यं जिथल्या तिथे विरली.

सहा वर्षांपूर्वी शहराच्या बसस्थानकावर स्फोट झाला होता. एकोणीस माणसं गेली. तो करणारा तरुण वखारपेठेतला, अकरा हजार माणसांच्या वस्तीत लहानाचा मोठा झालेला. पण तो काय खातो, कुणाला भेटतो, रात्री घरी येतो की नाही, हे गल्लीतल्या एकालाही सांगता आलं नाही. त्याच्या पासपोर्टच्या चौकशीच्या कागदावर कुमुदनेच लिहिलं होतं, 'वर्तन चांगले. शेजाऱ्यांची तक्रार नाही.' शेजाऱ्यांची तक्रार नव्हती, कारण ओळखच नव्हती. ते वाक्य तिला आजही मध्येच आठवायचं आणि हातातला घास तसाच राहायचा.

त्या स्फोटानंतर पटवेकर पोलीस खात्यात आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाच्या डोक्यात काय भरलंय ते शोधत बसू नका, ते कुणालाच सापडत नाही. माणूस आधी सुटा होतो. रेघा तुटत जातात, मित्र, नातलग, नाक्यावरचा न्हावी. अगदी सुटा झाला की मग त्याला कुणीतरी गाठतं. तेव्हा मोजायचं ते सुटेपण मोजा. त्यासाठी त्यांनी संबंधमापक यंत्रणा उभी केली. खिशातले फोन एकमेकांच्या जवळ किती वेळ असतात, किती वेळा, आणि त्या वेळात माणसं बोलतात की नुसती शेजारी बसतात, एवढंच ती टिपायची. काय बोलले ते नाही. त्यातून प्रत्येकाचा एक आकडा निघे, शून्य ते शंभर. त्याला नाव दिलं सख्यांक. कुणाचा सख्यांक तिसाच्या खाली घसरला की त्या वस्तीच्या शेजार-अधिकाऱ्याला निरोप जाई. त्याने साध्या कपड्यांत त्या घरी जायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. दटावणी नाही, चौकशी नाही. पुन्हा आठवड्याने जायचं.

वखारपेठेत ते काम कुमुदचं. पाच वर्षांत एकसष्ट माणसं तिसाच्या खाली गेली आणि एकसष्टच्या एकसष्ट वर आली. पेठेत साधी दगडफेक झाली नाही. बाहेरच्या राज्यांतले अधिकारी वह्या घेऊन यायचे आणि कुमुदला विचारायचे, तुम्ही नेमकं करता तरी काय? ती म्हणायची, चहा पिते.

पटवेकरांनी भिंतीवरचा पडदा उजळला. मधोमध एक मोठा ठिपका, त्यातून चहूबाजूंना निघालेल्या रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक लहान ठिपका.

"तुमच्याआमच्या ठिपक्याला वीस-तीस रेघा असतात," ते म्हणाले. "बायको, भाऊ, पानवाला, ऑफिसातला वैरीसुद्धा. या लहान ठिपक्यांना एकच जाड रेघ आहे, आणि ती दांड्याकडे जाते. काड्या एकमेकींना ओळखत नाहीत. मधलं कापडच नाही. अतिरेकी टोळी बांधणारा माणूस हेच करतो. समोरच्याला सगळ्यांपासून तोडतो आणि आपण तेवढे त्याचे होतो. या छत्रीला साठेक काड्या आहेत. एवढी मोठी मी आजवर पाहिलेली नाही."

"मग इतके दिवस घंटा कशी वाजली नाही, सर?"

"एक रेघ पुरेशी जाड असली की सख्यांक तिसाच्या वर राहतो. आकडा बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. आकृती ओळखणारा भाग आम्ही परवा जोडला, तेव्हा ही दिसली."

कुमुदला एक शंका होतीच. "भजनी मंडळही जमतं, क्रिकेटवालेही जमतात. ते कसे वेगळे कळतात?"

"त्यांचं जाळं दाट असतं. सगळे सगळ्यांना बांधलेले. जाळं जितकं दाट तितकं यंत्र निश्चिंत. दाट जाळ्यातून माणूस हरवत नाही."

"पण कोण कुणाला बांधलंय, ते यंत्र बघत नाही का?"

"ते विचारायला लागलो की जात आणि धर्म आलेच. कोर्टाने मना केलंय, आणि बरं केलंय." पटवेकरांनी चष्मा पुसला. "तिसाच्या खाली गेलेल्याचं घर तेवढं आपल्याला कळतं. बाकी ठिपक्यांना नावं नसतात, त्यासाठीही कोर्टाची परवानगी लागते. अर्ज गेलाय. गुरुवारी दुपारी नावं उघडतील. त्यानंतर कायदा सरळ आहे. दांड्याला अटक, काड्यांना तीन महिने स्थानबद्धता. मला ती धास्ती आहे. यंत्राशिवाय, नुसत्या तपासात सापडलेल्या जुन्या अकरा छत्र्यांपैकी नऊंमध्ये दांडा उचलला आणि सुटून परतलेल्या काड्यांनी महिन्याभरात रक्त सांडलं. पेठ तुमच्या तळहातावर आहे. गुरुवारच्या आत दांडा कोण ते शोधा. दर आठवड्याला स्वतः त्यांच्या घरी जातो, अर्धा-पाऊण तास बसतो, एवढं कळलंय."

कुमुद तडक पेठेत आली आणि नेहमीच्या सवयीने पहिली स्कूटर लावली ती नीलकंठ सोनटक्केच्या दारात. नीलकंठ चौतीस वर्षांचा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. बायको सोडून गेली, पाठोपाठ आई गेली, आणि त्याचा सख्यांक अकरावर आला होता. कुमुद तीन वर्षं दर सोमवारी त्याच्याकडे येत होती. पेठेतली इतर माणसं तिला मॅडम म्हणत, तिच्या एकसष्टांसाठी ती ताई होती. नीलकंठने तिच्यासाठी वेगळा कप ठेवला होता, त्यात दुसऱ्या कुणाला चहा मिळत नसे.

"नीलकंठ, खरं सांगायचं. तुझ्याकडे कोण येतं?"

"तुम्ही येता, ताई."

"आणखी?"

"गॅसवाला."

"चेष्टा नको. दर आठवड्याला कुणीतरी येऊन बसतंय."

नीलकंठ गोंधळला. "तुम्हीच की. दुसरं कोण येणार? आधी समोरचे सुर्वेकाका यायचे बुद्धिबळाला. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंद."

"का?"

"का म्हणजे?" तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते कुमुदला जास्त लागलं. "पोलीस कुणाकडे उगाच चहाला जात नाहीत, एवढं पेठेला कळतं, ताई. तुम्ही साध्या साडीत आलात तरी तुमची स्कूटर सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्या दारात धायगुडेची स्कूटर, त्याच्या दारात कुत्रं फिरकत नाही, असं म्हणतात इथे. तुम्ही ऐकलं नाही कधी?"

तिने ऐकलं नव्हतं. आपल्यावरची म्हण आपल्याला कोण ऐकवणार?

ती शिवणकाम करणाऱ्या हमीदाबी काझींकडे गेली. हमीदाबींनी तेच सांगितलं, फक्त अधिक अदबीने. ती निवृत्त कंडक्टर तुकाराम वाघचौऱ्यांकडे गेली. पाचव्या घरानंतर तिने विचारणंच सोडलं. रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. आपण मोजणारे, मोजले जाणारे दुसरे, या समजात तिने पाच वर्षं काढली होती. एकसष्ट माणसं तिसाच्या वर आली होती ती तिच्या एकटीच्या रेघेवर. बाकीच्या उरल्यासुरल्या रेघा तिनेच तोडल्या होत्या, प्रेमाने, चहा पीत पीत. तिला भर रस्त्यात रडू आलं.

मंगळवारी सकाळी तिने पटवेकरांसमोर आपला फोन ठेवला. "मधला ठिपका हा आहे का, बघा."

त्यांनी पाहिलं. मधला ठिपका तोच होता.

"आम्ही पोलिसांना वगळलं नव्हतं," ते म्हणाले. "मुद्दामच. वर्दीतला माणूसही बिघडू शकतो."

"मग यंत्राचं चुकलंय असं लिहून द्या."

"कुठे चुकलंय, बाई? उद्या तुम्ही त्यांना सांगितलंत, पेठ सोडून चला, तर?"

कुमुदने खोटं बोलायचं मनात आणलं आणि सोडून दिलं. "निघतील."

"आणि त्याहून वाईट काही सांगितलंत तर?"

"मी सांगणार नाही!"

"तुम्ही सांगाल की नाही, हे यंत्र मोजत नाही. सांगितलंत तर ऐकतील का, एवढंच मोजतं."

"माझं काय व्हायचं ते होवो," कुमुद म्हणाली. "मी आत जाईन. पण त्या एकसष्ट जणांनी काय केलंय? माझ्याबरोबर चहा प्यायला, एवढंच ना? तीन महिने स्थानबद्ध होऊन आलेल्या माणसाला पेठेत कोण उभं करेल? हमीदाबींच्या दोन मुली लग्नाच्या आहेत, सर."

पटवेकर खिडकीपाशी गेले आणि परत आले. "एक वाट आहे. छत्रीला कापड घाला. गुरुवारच्या आत काड्यांना दुसऱ्या रेघा जोडल्या गेल्या तर आकृती मोडते. आकृतीच नसेल तर अर्ज मी स्वतः मागे घेईन. समोरासमोरच्या बोलण्याला यंत्र सगळ्यात जास्त वजन देतं. तासा-दोन तासांतही फरक पडेल."

म्हणजे पेठेला बोलतं करायचं होतं. कुमुद जगन्नाथ भिसेंकडे गेली. लाकडाचे मोठे व्यापारी आणि पेठेच्या शेजार समितीचे अध्यक्ष. शुक्रवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मैदानात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. वखारपेठेची जुनी रीत अशी, की पेठेतल्या लग्नाची पत्रिका आणि चिमूटभर अक्षत घरटी जायची. हिंदूकडची मुसलमानाकडे, मुसलमानाकडची जैनाकडे. अक्षत आली नाही म्हणजे ते घर पेठेत धरलेलं नाही.

"भिसेसाहेब, माझं एक काम करा. उद्या समितीची बैठक घ्या आणि माझ्या माणसांना बोलवा. जरा चार शब्द बोला त्यांच्याशी."

"मॅडम, तुम्ही लग्नाला या, पहिल्या पंगतीला बसा," भिसे हात जोडून म्हणाले. "पण ती माणसं नको. बाहेरगावचे व्याही येणार. विषाची परीक्षा कशाला?"

"विष नाही हो ते. साधी माणसं आहेत."

"साधी असती तर तुम्ही गेला असता का त्यांच्याकडे?" भिसेंना मनापासून नवल वाटलेलं दिसत होतं. "पहिल्या बैठकीत तुम्हीच सांगितलं होतंत, डोळे उघडे ठेवा, सावध राहा. आम्ही राहिलो. पाच वर्षं पेठ शांत आहे ती कुणामुळे?"

मंगळवारभर कुमुद आणखी सात दारं हिंडली. सुर्वेकाकांनी तर दार उघडून तिला पाहिलं आणि भीतीने विचारलं, "माझ्याकडे का, मॅडम? मी काय केलं?"

आता एकच उपाय उरला होता. पेठ काड्यांशी बोलणार नसेल, तर काड्यांनीच एकमेकींशी बोलावं. कापड ते कापड, कुठल्या गिरणीतलं हे यंत्र थोडंच विचारणार होतं? तिने एकसष्ट जणांना एकच निरोप पाठवला. बुधवारी दुपारी तीन वाजता, नगरपालिकेच्या बंद पडलेल्या शाळेचं सभागृह, ताईचं काम आहे.

पावणेतीनलाच सभागृह भरलं. नीलकंठ रक्ताचे नमुने तसेच टाकून आला होता. हमीदाबी उद्या द्यायचे कपडे मशीनवर सोडून आल्या होत्या. एकजण पायाला प्लास्टर असताना रिक्षाने आला. तिने डोकी मोजली, एकसष्ट. का बोलावलं हे एकानेही विचारलं नव्हतं. कुमुदचा आधी ऊर भरून आला, आणि लगेच पटवेकरांचं वाक्य आठवलं, सांगितलंत तर ऐकतील का.

तिने खुर्च्या गोल मांडायला लावल्या, चहा सांगितला, प्रत्येकाला आपलं नाव सांगायला लावलं. सगळ्यांनी नावं सांगितली ती तिच्याकडेच बघून. मग सगळे आपापला चहा पीत बसले. हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर पटवेकरांनी जोडून दिलेली त्या क्षणाची आकृती दिसत होती, मधून निघालेल्या एकसष्ट रेघा, दुसरी एकही नाही.

शेवटी हमीदाबींनी शेजारच्या वाघचौऱ्यांना विचारलं, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून. "भिशांकडे लग्न आहे. तुमच्याकडे अक्षत आली का हो?"

"नाही बा," वाघचौरे म्हणाले. "तुमच्याकडे?"

"नाही."

"आमच्याकडेही नाही," पलीकडचा एकजण म्हणाला.

पाटीवर एक बारीक रेघ उमटली. मग दुसरी. कुमुदला इतका आनंद झाला की ती अक्षरशः देवाचं नाव घेत होती. प्रश्न खुर्चीवरून खुर्चीवर सरकत गेला. तुमच्याकडे आली? नाही. तुमच्याकडे? नाही. पोरीच्या बारशाला कुणी आलं होतं? नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला? चौथा माणूस भाड्याने आणला. खुर्च्या जवळ ओढल्या जात होत्या. रेघा जाड होत होत्या, एकमेकींना छेदत होत्या, मधला मोठा ठिपका त्या जाळ्यात दिसेनासा होत होता. तास उलटला, दुसरा निम्मा झाला. एवढा वेळ कुमुद रेघाच पाहत होती. मग तिने मान वर केली आणि शब्द ऐकायला सुरुवात केली.

"मला वाटायचं, माझी बायको गेली म्हणून बोलत नाहीत," नीलकंठ म्हणत होता. "माझ्यातच काहीतरी खोट आहे असं तीन वर्षं वाटत होतं."

"मला वाटायचं मी मुसलमान म्हणून," हमीदाबी म्हणाल्या.

"मी तर मराठाच आहे, बाई. मला वाटायचं मी दारू पीत होतो म्हणून."

"म्हणजे आपल्यापैकी कुणाचंच काही नव्हतं."

"नव्हतंच. त्यांनी ठरवलं."

आवाज चढत नव्हते. उलट खाली येत होते, आणि सगळे पुढे वाकून ऐकत होते. वाघचौऱ्यांनी खिशातून कागद काढला. कुणाच्या घरी येणं कुणी आधी बंद केलं, कुणी मुलांना त्यांच्या दारावरून न्यायचं सोडलं, याची नावं निघू लागली. सुर्वे. भिसे. मेडिकलवाले शहा. दूधवाला इनामदार. एकाने नाव घेतलं की तीन-चार ठिकाणांहून हुंकार येई. वाघचौरे कंडक्टरच्या बारीक अक्षरात लिहून घेत होते.

"आणि ही सगळी," नीलकंठ अगदी हळू म्हणाला, "शुक्रवारी एका मांडवात असणार."

एकालाही ते वाक्य विचित्र वाटलेलं दिसलं नाही.

कुमुद उठली. तिने टाळी वाजवली, नेहमीसारखा मोकळा आवाज काढला. "चला, पुष्कळ झालं. पाच वाजत आले. आता घरी. तो कागद द्या इकडे, वाघचौरे."

वाघचौऱ्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. कुणीही उठलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने काही सांगितलं होतं आणि एकाही माणसाने ते ऐकलं नव्हतं.

"नीलकंठ, मी काय म्हणते? कुणाच्या लग्नात जाऊन काही वेडंवाकडं करायचं नाही. मी आहे ना? मी बोलेन सगळ्यांशी."

नीलकंठ जवळ आला. त्याने तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्यावर तिच्याविषयी माया होती, ती खरी होती.

"ताई, तुम्ही आमच्यासाठी फार केलंत. आता दमलात. तुम्ही व्हा पुढे. आम्ही बसतो जरा."

त्याने तिला हात धरून पायऱ्यांपर्यंत सोडलं. तो आत गेला, दार लागलं, आणि आतून कडी सरकवल्याचं तिने ऐकलं. तिने दोनदा दार वाजवलं. आतलं हलकं बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

तेवढ्यात फोन वाजला. पटवेकरांचा आवाज आनंदाने फुटत होता. "बाई, कमाल केलीत! छत्री मोडली. एकसष्टच्या एकसष्ट जणांचा सख्यांक ऐंशीच्या वर गेलाय. अख्ख्या पेठेत दुसऱ्या कुणाचा एवढा नाही. अर्ज मी आत्ताच मागे घेतला."

"सर, अर्ज मागे घेऊ नका." ती घाईने म्हणाली. "पुन्हा घाला. नावं उघडा. माझ्यासकट सगळ्यांना आत घ्या, पण शुक्रवारच्या आधी."

"का? काय म्हणाले ते?"

कुमुद आठवू लागली. अक्षत आली नाही म्हणाले. काही नावं घेतली. लग्न कधी आहे ते म्हणाले. यातलं एकही वाक्य कुठल्या कायद्यात बसत नव्हतं, आणि ते ऐकायचंच नाही, असं तर यंत्र बांधतानाच ठरलेलं होतं.

"शुक्रवारचं लग्न पुढे ढकलायला लावा," ती म्हणाली. "निदान बंदोबस्त द्या."

"कशाच्या आधारावर मागू? यंत्राच्या दृष्टीने आज या शहरात त्यांच्याइतकी सुरक्षित माणसं नाहीत." पटवेकर समजावणीच्या सुरात बोलू लागले. पाच वर्षांचा शीण आहे, थोडी रजा घ्या म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि ही बातमी ऐकून तरी तिला बरं वाटेल अशा खात्रीने ते म्हणाले, "आणि हो, तुमच्यावरचं बालंटही गेलं. दांडा उरलाच नाही. त्या सगळ्यांच्या रेघांमध्ये आता सगळ्यात बारीक रेघ तुमची आहे, बाई. त्यांच्यातल्या एकालाही आता तुमची गरज नाही."